राजूबाईंचा कोपरा

खुर्ची गुरुवारी दुपारी आली, आणि नको त्या वेळेला आली.

कौदी मंडळाच्या बायका नुकत्याच जुन्या आडतीच्या दुकानाच्या पायरीशी चपला काढून आत टेकत होत्या. शिवप्रसाद एका हातानं खुर्ची आणि दुसऱ्या हातानं घसरती पँट सावरत पायऱ्या चढला. खुर्ची चांगली होती. पाठीला फुगीर गादी, हातांना गुळगुळीत लाकूड, बसलं की किंचित मागे झुकणारी. शिवप्रसादची आईवर माया होती यात कुणालाच शंका नव्हती. मात्र ती दाखवायची वेळ आली की तो काहीतरी विकत आणायचा, आणि आणलेली वस्तू हमखास चुकायची. गेल्या दिवाळीत त्यानं आणलेल्या पाय दाबायच्या यंत्रावर हल्ली त्याची बायको महानंदा सांडगे वाळवत होती.

"आई, हितं बसत जा आता. गुडघे दुखायलेत म्हनून रोज सांगायलीस की."

राजूबाईंनी चष्मा नाकावरून खाली घेऊन खुर्चीकडं पाहिलं. पाहुणा कुठल्या गावचा, हे विचारावं तसं विचारलं, "कुणाला आणलास?"

"तुलाच की."

"मी काय तहसीलदार हाव?"

बायका हसल्या. शिवप्रसादही हसला, कारण आपण चुकलोय हे त्याला अजून कळलं नव्हतं. खुर्ची भिंतीशी ठेवून तो पाइपांच्या दुकानात निघून गेला. कोपऱ्यात दोऱ्याची रिळं लावत बसलेली महानंदा मात्र हसली नाही.

कौदी मंडळात खुर्ची म्हणजे काय, हे पुरुषांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. जुनी लुगडी-धोतरं थरावर थर पसरून, वर ठिगळांचा नक्षा मांडून जी जाड गोधडी शिवतात, तिला बसवकल्याणात कौदी म्हणतात. ती जमिनीवरच शिवायची. चार कोपऱ्यांवर चौघी बसतात, कडेनं सुरुवात करून आतल्या बाजूला सरकत जातात, झालेला भाग गुंडाळत जातात आणि शेवटी मधोमध गुडघ्याला गुडघे लागेपर्यंत भेटतात. जिनं कोपरा धरला तिनंच तो संपवायचा. आणि जिला खाली बसवत नाही तिला खुर्ची. खुर्चीतल्या बाईला सगळ्या मान देतात, वाकून नमस्कार करतात, आणि 'चहा घेता का' याशिवाय काहीएक विचारत नाहीत. राजूबाईंच्या सासूबाई अशाच एका खुर्चीत बसल्या आणि मरेपर्यंत चहाच पीत राहिल्या.

राजूबाईंचा कोपरा डोक्याकडचा. झोपणाऱ्याचं डोकं जिथं येतं तो. घरात वाटण्या झाल्या तेव्हा मेहकरचं शेत वाटलं, आडत बंद झाली, अंगणात भिंत आली, तुपाची पळीसुद्धा कुणाकडं गेली याची नोंद सगळ्यांच्या डोक्यात पक्की होती. कौदी मात्र वाटता आली नाही, कारण तिला चार कोपरे लागतात आणि भिंतीच्या एका बाजूला दोनच बायका होत्या. म्हणून राजूबाईंची धाकटी जाऊ वच्छलाबाई सोमवारी आणि गुरुवारी भिंतीला वळसा घालून येई, पायाकडच्या कोपऱ्यावर बसे, आणि उठताना तुपाच्या पळीचा विषय काढून जाई. तिसरा कोपरा महानंदाचा. चौथा शारदाबाईंचा. त्या शेजारच्या रामाचार्यांच्या पत्नी, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. कौदी शिवताना त्या फुटपट्टी आणि पेन्सिल बरोबर ठेवत.

आत्ताची कौदी साधी नव्हती. महानंदाची मुलगी पिंकी हैदराबादहून सातव्या महिन्यात माहेरी आली होती. बाळासाठी कौदी चालली होती. राजूबाईंनी स्वतःची मऊ झालेली लुगडी त्यात घातली होती आणि डोक्याकडचा कोपरा धरून पहिला टाका घातला होता.

तो टाका महानंदानं लगेच हेरला होता. बोटभर लांब, वाकडा, पुढच्याशी भांडून वेगळा झाल्यासारखा. राजूबाईंचा उजवा हात कापायला लागला होता. त्या स्वतः याबद्दल बोलत नव्हत्या, म्हणून घरात कुणीच बोलत नव्हतं. महानंदानं त्यावर गुपचूप उपाय काढला. बैठक संपून आत्याबाई संध्याकाळी महादेवाला गेल्या की ती आडतीत यायची, गुंडाळी सोडायची, त्यांचे टाके उसवायची आणि स्वतः घालायची. फार सरळ घातले तर संशय येईल, म्हणून मुद्दाम जरासे वाकडे. सासूची अब्रू राखण्यासाठी वाकडं शिवणारी सून बिदर जिल्ह्यात दुसरी सापडणार नाही, असं तिला वाटे. या समजुतीला धक्का बसायला फक्त तासभर उरला होता.

मधेच तिला एक चमत्कारही दिसला होता. कधी गुंडाळी सोडली तर आत्याबाईंच्या कोपऱ्यातले टाके आपोआप बरे झालेले असत. तिनं ते गुडघ्यांसाठी आणलेल्या हळ्ळीखेडच्या वैद्याच्या तेलाच्या खात्यावर टाकलं होतं आणि त्याला नारळही पाठवला होता.

"बसा गं, बसा. उजेड चाललाय," राजूबाई म्हणाल्या आणि एक हात जमिनीला, एक महानंदाच्या खांद्याला लावून आपल्या कोपऱ्यावर उतरल्या. खुर्चीकडं त्यांनी पाठ केली.

बाकीच्या बायका भिंतीला टेकून आपापली कामं काढून बसल्या. मंडळाची ख्याती अशी की कुठलीही गोष्ट उघडी दिसली की तिला शिवलेलं पांघरूण मिळत असे. बंडेप्पाच्या बायकोनं बोअरच्या स्टार्टरपेटीला झालरीचा झगा शिवला होता. वीज खात्याचा माणूस मीटर बघायला आला तेव्हा देव्हारा समजून चप्पल काढून उभा राहिला होता. एकीनं नवऱ्याच्या मोटारसायकलच्या बैठकीला इतकी जाड कौदी चढवली होती की त्याचे पाय जमिनीला पुरेनात.

"सातवा संपत आलाय," वच्छलाबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "आन् हितं कौदीचं अजून अर्धं पोट उघडं हाय. अक्का, हात उचला जरा."

"उचलायलेच की. तू तोंड कमी चालव, म्हंजे तुझा बी हात चालंल."

"माझं तोंड चालतंय म्हनून तर हात चालतोय. पळी कुणाकडं हाय ते सांगा, म्हंजे दोन्ही थांबतील."

"शारदाबाई, हिला तुमच्या शाळेत घेतलं असतं तर बरं झालं असतं."

"माझ्या वर्गात इतकं बोलणाऱ्याला बाकावर उभं करायचे मी," शारदाबाई फुटपट्टीवरून नजर न काढता म्हणाल्या.

एवढ्यात पिंकी आली. पोट पुढे, मोबाईल त्याच्याही पुढे. "आजी, जरा उलगडा ना! मला बघू द्या. फोटो काढून ह्यांना पाठवते."

"नको," महानंदा म्हणाली.

"नको," वच्छलाबाई म्हणाल्या.

"नको," शारदाबाई म्हणाल्या.

तिघींचं एकदम निघालं. इतक्या वर्षांत या तिघींचं कशावरच एकमत झालं नव्हतं. महानंदानं चमकून वच्छलाबाईंकडं पाहिलं. वच्छलाबाई शारदाबाईंकडं बघत होत्या. शारदाबाई फुटपट्टीकडं.

"कामून नको?" राजूबाईंनी विचारलं. "पोरीची हाय, पोरगी बघंल. घे गं, सोड गुंडाळी."

पिंकीनं डोक्याकडची गुंडाळी सोडली, कोपरा हातात धरला आणि पोटावरून शालीसारखी ओढून घ्यायला एक लहानसा हिसका दिला. फार लहान हिसका होता तो. कापडानं मात्र मोठं मनावर घेतलं. चर्र असा आवाज झाला आणि तो अख्खा कोपरा, तीन थरांसकट, चाळणीसारखा फाटून लोंबू लागला. एका बाजूला काळ्या जाड दोऱ्याची एक रांग तेवढी जागेवर होती. कापड गेलं होतं, दोरा हलला नव्हता.

पिंकीचा चेहरा रडवेला झाला. "मी... मी काहीच नाही केलं, आजी."

"आण हिकडं," राजूबाई म्हणाल्या.

त्यांनी फाटका कोपरा मांडीवर घेतला. चष्मा कपाळावर ढकलला, कारण चष्म्याचा इथं उपयोग नव्हता. अंगठा काठावरून हळूहळू फिरवत गेल्या. महानंदा त्या अंगठ्याकडं बघत राहिली.

"किती भोकं गं ही," राजूबाई पुटपुटल्या. "उंदरानं बी येवढी पाडली नसती." अंगठा थांबला. "हा टाका बारीक. वाकडा घातलाय, पण मनापासून वाकडा न्हाई. सूनबाई, हा तुझा."

महानंदानं मान खाली घातली.

"ही भोकं येकसारख्या अंतरावर पाडलेली हायेत. शारदाबाई, तुमची फुटपट्टी."

"मी फक्त शनिवारी यायचे," शारदाबाई म्हणाल्या. वर्गात कॉपी करताना सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "तुम्ही मेहकरला जायचात तेव्हा. मला वाटलं, टाके तुमचे आहेत. थोडे तिरके होते. मी उसवले आणि... थोडे तिरकेच घातले. तुम्हाला कळू नये म्हणून."

"आन् दोरा दाताखाली तोडायची सवय एकीलाच हाय," राजूबाई म्हणाल्या. "वच्छे."

"मग काय करू?" वच्छलाबाई उसळल्या. "शुक्कीरवारी येऊन बघायले तर टाके वाकडे! मला काय ठावं ते हिनं घातल्यात? मला वाटलं, अक्काचा हात. मी उसवले. म्हनलं, जाऊबाईचं नाव ऱ्हाऊ दे. मी बी वाकडेच घातले! सरळ घालायला मला काय येत न्हाई?"

महानंदाला हळूहळू उमगत गेलं. ती वाकडं शिवत होती, ते वच्छलाबाई आत्याबाईंचं समजून उसवत होत्या. त्या वाकडं शिवत होत्या, ते शारदाबाई उसवत होत्या. एकीच्या मायेवर दुसरी आपली माया घालत गेली होती, आणि बिचारं लुगडं मधल्यामधे मेलं होतं. हळ्ळीखेडच्या वैद्याला पाठवलेला नारळ तर अगदीच फुकट गेला होता.

राजूबाईंचा अंगठा अजून चालत होता. त्या काळ्या रांगेशी येऊन तो थबकला. पुढं गेला, मागं आला. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी हललं.

"ह्यो तर कुलुपाचा टाका," त्या म्हणाल्या. "तुरीच्या पोत्याला घालत्यात तो."

बायकांनी माना वळवल्या. आडतीच्या दर्शनी भागात, पडद्यापलीकडं, राजूबाईंचे यजमान श्रीपतराव रोज दुपारी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपत. चाळीस वर्षं त्यांनी याच जागेत तुरीचा व्यापार केला होता, आणि हमालावर विश्वास नसल्यामुळं मोठ्या व्यापाऱ्याची पोती स्वतः दाभणानं शिवली होती. पडद्यापलीकडचं घोरणं थांबलं होतं. खरं म्हणजे फाटल्याचा आवाज झाला तेव्हाच ते थांबलं होतं.

पण राजूबाई पडद्याकडं बघत नव्हत्या. त्या पुन्हा पहिल्यापासून कोपरा चाचपत होत्या. आता घाईनं. एक थर उलटून दुसऱ्या थरात बोट घालत होत्या.

"काय शोधायलाव, आत्याबाई?" महानंदानं हळूच विचारलं.

"माझा टाका," राजूबाई म्हणाल्या. "येक तरी असंल की."

वच्छलाबाईंनी आपली सुई रिळात खोचली.

"येक बी न्हाई?"

त्यांनी कोपरा मांडीवरून खाली ठेवला. जमिनीला हात टेकून उठल्या. महानंदा खांदा द्यायला पुढं झाली तर तिला त्यांनी नुसत्या नजरेनं बसवलं. सावकाश भिंतीपर्यंत गेल्या आणि शिवप्रसादच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची कबूल केल्याप्रमाणं किंचित मागं झुकली.

बंडेप्पाची बायको भली बाई होती. तिच्या मनात काहीएक नव्हतं. खुर्चीत बसलेली बाई दिसली आणि तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "अक्का, चहा घेता का?"

महानंदाला वाटलं, स्टार्टरपेटीचा झगा या बाईच्या तोंडाला बांधावा.

"आन गं," राजूबाई म्हणाल्या. "साखर कमी घाल."

पिंकी आता खरोखर रडायला लागली. "मला आजीचेच टाके हवेत. वाकडे तर वाकडे. मोठे तर मोठे. मी तशीच कौदी ठेवीन, आठवण म्हणून. कुणी उसवायचं नाही!"

सगळ्यांचे डोळे पाणावले. हे बोलणं सगळ्यांना पटण्यासारखं होतं. खुर्चीतून उत्तर आलं, "बोटभर टाक्यात बाळाचा अंगठा अडकंल. दोरा अंगठ्याला काचंल. आठवण म्हनून काय अंगठा सुजवतीस त्याचा?"

"पण आजी..."

"कौदी पांघरायला असती, माय. रडायला पदर हाय की."

मग सगळ्यांचं एकदम सुरू झालं. वच्छलाबाईंचं म्हणणं, महानंदानं पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. लेकीसारखी सून म्हणवते आणि मागून सुई चालवते. महानंदा म्हणाली, सांगायचं काम जावेचं, सुनेनं कोणत्या तोंडानं सांगावं? शारदाबाई म्हणाल्या, दोघींनी आपापलं काम सरळ केलं असतं तर पुढचा घोळ झालाच नसता. हे खरं होतं, म्हणून दोघी एक होऊन त्यांच्यावर उलटल्या. फुटपट्टीनं माया मोजता येत नाही, असं वच्छलाबाई म्हणाल्या. महानंदाला ते वाक्य पटलं आणि वच्छलाकाकूंच्या बाजूनं आपण उभ्या आहोत याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. वाटण्या झाल्यापासून असं घडलं नव्हतं.

"आन् भावजींना इचारा की कुणीतरी!" वच्छलाबाई डोक्यावरचा पदर पुढं ओढून पडद्याच्या दिशेनं, पण पडद्याला नव्हे, असं बोलल्या. थोरल्या दिराशी त्या लग्नापासून थेट बोलल्या नव्हत्या. काही सांगायचं झालं तर ते भिंतीला, मांजराला किंवा महानंदाला सांगत. "बायकांच्या कामात पोत्याचा दोरा कामून घातला म्हनावं?"

पडदा सरकला. श्रीपतराव उभे होते. वर्तमानपत्र काखेत, चेहरा आडतीवर धाड पडल्यासारखा.

"दोरा पक्का हाय," ते म्हणाले. "बघा, निघाला न्हाई. तुरीचं पोतं सोलापूरला जाऊन आलं तरी दाणा सांडत न्हाई ह्या टाक्यातून."

"आपल्याला दाणा ठेवायचा न्हाई त्यात, मामा," महानंदा म्हणाली.

"तुमी कामून हात लावलाव?" खुर्चीतून प्रश्न आला.

श्रीपतरावांनी बायकोकडं पाहिलं. "काल बघितलं. सैल पडलं होतं सगळं. तुझं सैल काम मला बघवंना."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू खुर्चीत जाऊन बसली असतीस."

"आता बसलेच की."

श्रीपतराव पुढं आले, पसरलेल्या कौदीशी थांबले आणि खाली बसले. सरळ राजूबाईंच्या कोपऱ्यावर. महानंदाच्या हातातली कात्री तशीच राहिली. या घरात पुरुष कौदीवर झोपत आले होते. शिवायला बसला कुणीच नव्हता. त्यातून समोर वच्छलाबाई. जेठ आणि भावजय एका सतरंजीवर कधी टेकले नव्हते, मयताला सुद्धा नाही.

"माझा दोरा मी काढतो," ते म्हणाले आणि काळी रांग उसवायला लागले.

कुलपाचा टाका घालणाऱ्यालाही सहज सुटत नाही. ते ओढू लागले. ओढलं तसे थर एकमेकांवरून सरकले, चुण्या पडल्या, आणि चुण्या पार वच्छलाबाईंच्या पायाकडच्या कोपऱ्यापर्यंत धावत गेल्या. त्यांनी महिनाभर घातलेली ओळ डोळ्यांदेखत आखडायला लागली. वच्छलाबाईंनी महानंदाकडं पाहिलं. भिंतीकडं पाहिलं. मांजर जागेवर नव्हतं.

"भावजी!" त्या ओरडल्या. "वढू नका वो! माझी सगळी वळ मुरगाळायलाव तुमी!"

श्रीपतराव दचकून थांबले. त्यांनी मान वर करून वच्छलाबाईंकडं पाहिलं. हा आवाज त्यांनी भिंतीपलीकडून आयुष्यभर ऐकला होता, पण आपल्याला मारलेली हाक म्हणून पहिल्यांदाच.

"मग कसं काढू?" त्यांनी निमूटपणं विचारलं.

"मला काय इचारता? जिचा कोपरा हाय तिला इचारा!"

सगळ्या खुर्चीकडं वळल्या. राजूबाईंच्या हातात तोवर चहाचा कप आला होता. त्यांनी चुण्यांकडं पाहिलं. कपाकडं पाहिलं. पुन्हा चुण्यांकडं. एखाद्या बाईला स्वतःच्या चुलीवर दुसऱ्यानं दूध उतू घालवलेलं बघवत नाही, तसा त्यांचा चेहरा झाला.

"बोटानं दाबून धरा आन् मग सोडवा," त्या म्हणाल्या.

श्रीपतरावांनी दाबलं. भलतीकडं दाबलं.

"तिथं न्हाई. खाली."

त्यांनी आणखी खाली दाबलं.

"अहो, खाली म्हंजे तुमच्याकडं! शारदाबाई, तुमी तरी..." शारदाबाई फुटपट्टी घेऊन पुढं सरकल्या. "ती फुटपट्टी ठेवा आधी! महानंदे, हा कप धर."

आणि राजूबाई उतरल्या. कुणाचा खांदा न धरता, खुर्चीचा हात, भिंत आणि नवऱ्याचं डोकं धरून त्या आपल्या कोपऱ्यावर बसल्या. उजवा तळहात त्यांनी चुण्यांवर सपाट ठेवला आणि पुढं सारला. चुण्या त्या हाताखाली विरघळत गेल्या. तिन्ही थर एकमेकांवर बसले. लुगड्याच्या पोतात कुठं काय अडलंय, हे त्या हाताला न बघता कळत होतं. महानंदा कप धरून बघत राहिली. सुई धरली की थरथरणारा तो हात कापडावर पसरला की अगदी शांत होता. इतके दिवस तिनं त्यांचे टाके पाहिले होते, हात पाहिला नव्हता.

"सोडवा आता," राजूबाई म्हणाल्या.

काळा दोरा सुटला. फाटका भाग शारदाबाईंनी कापून काढला. चौकोन अगदी बरोबर निघाला, त्याबद्दल कुणी त्यांना काही बोललं नाही. राजूबाईंनी आपल्या गाठोड्यातून मऊ, फिक्या पोपटी लुगड्याचा तुकडा काढून तिथं बसवला आणि सुई धरली. धरली, आणि हात कापायला लागला. आता तो सगळ्यांच्या समोर कापत होता. लपवायला गुंडाळी नव्हती.

"मला न्हाई जमत गं," त्या म्हणाल्या. साधं म्हणाल्या, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं.

महानंदानं पुढं व्हावं की नाही, हे तिला ठरवता येईना. कोपरा मागणं म्हणजे त्यांना पुन्हा खुर्चीत पाठवणं. न मागणं म्हणजे बाळाला उघडं ठेवणं.

राजूबाईंनी सुई नवऱ्यापुढं धरली.

"मी?" श्रीपतराव म्हणाले.

"तुमीच की. कोपऱ्यावर बसलाव न्हवं? मग धरा. माझा हात म्होरं जाईल, त्याच्यामागून या. बारीक. आन् कुलूप लावायचं न्हाई. ह्याच्यात पोरगं निजायचं हाय, तूर न्हाई."

"लोक काय म्हनतील?"

"लोकांना चहा दिऊ की. बंडेप्पाची बायको करती चांगला."

बंडेप्पाची बायको लाजली. शारदाबाई उठून खुर्चीत बसल्या, दोनदा मागं झुकून बघितलं आणि म्हणाल्या, "मला तर ही फार बरी वाटतेय. नको असेल तर आमच्याकडं पाठवा." वच्छलाबाईंनी डोक्यावरचा पदर कानामागं खोचला, जेठाच्या समोर, कारण पदर सावरत शिवता येत नाही. महानंदानं आपला कोपरा धरला.

राजूबाईंचा तळहात पोपटी तुकड्यावरून पुढं सरकला. त्याच्यामागून श्रीपतरावांची सुई निघाली. त्यांची जीभ दातांत आली होती, कपाळावर घाम होता. मोठा व्यापारी भावासाठी अडून बसला असतानासुद्धा त्यांना कधी इतका घाम फुटला नव्हता. एक टाका. दुसरा. एक बोट, दोन बोटं, वीतभर. पिंकीनं मोबाईल वर केला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, खाली ठेवला.

वीत पूर्ण झाल्यावर श्रीपतरावांनी सुई बाजूला ठेवली आणि पाठ ताठ केली. टाके बारीक होते. सरळ होते. बायका माना पुढं काढून बघत होत्या. एकीनं तर "वा, अण्णा" म्हटलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि बायकोकडं पाहिलं.

राजूबाईंनी चष्मा कपाळावर सारला. अंगठा ओळीच्या सुरुवातीला ठेवला आणि सावकाश शेवटापर्यंत नेला. मधे एके ठिकाणी, जरा जास्त आवळलेल्या टाक्याशी, किंचित थांबल्या, मग पुढं गेल्या.

"उसवा," त्या म्हणाल्या.